खाऱ्या वाऱ्याची वेळ

बसमधून उतरताना नेदाने नेहमीसारखं ड्रायव्हरला थँक्यू म्हटलं, पण शब्द बाहेर आलाच नाही. ओठ हलले, घशात काहीतरी कोरडं घासलं आणि नुसती हवा निघाली. ड्रायव्हरने आरशातून तिच्याकडे पाहिलं. पर्थ शहरात शेंबडी पोरंसुद्धा उतरताना आभार मानतात. त्याला ही मुलगी शिष्ट वाटली असावी, कारण दार जरा जोरातच मिटलं. बस पाणी उडवत निघून गेली आणि नेदा थांब्याच्या पत्र्याखाली उभी राहिली. जूनचा, इथल्या हिवाळ्यातला पाऊस समुद्राकडून तिरका येत होता. तिने खाकरून पाहिलं. मग आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळूच म्हणाली, "नेदा." आवाज निघाला, पण तो आपला वाटेना, बरेच दिवस न उघडलेल्या कपाटाच्या दारासारखा तो करकरला. आपण शेवटचं कधी बोललो? ती मनात मागे मागे जात राहिली. आज सोमवार, सुट्टीचा. काल रविवारी ती दुकानात गेली होती, पण तिथे सामान स्वतःच यंत्रापुढे धरायचं असतं आणि आभारही ते यंत्रच मानतं. शनिवारी दिवसभर पाऊस. शुक्रवारी दुपारी ती विद्यापीठात शेजारच्या टेबलावरच्या हमीशला म्हणाली होती, "खिडकी लावशील का?" त्याने कानावरचा हेडफोन न काढताच खिडकी लावली होती. बस, तेवढंच. त्यानंतर ती उठली होती, जेवली होती, आकडे तपासले होते, आलेख काढले होते, झोपली होती, आणि या सगळ्यासाठी तिला एकदाही तोंड उघडावं लागलं नव्हतं. विशेष म्हणजे हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

ती घराकडे चालू लागली. घर म्हणजे थ्रेलफॉल नवराबायकोच्या बंगल्यामागची एक खोली. थ्रेलफॉल मंडळी थंडी पडायच्या आतच गाडीला कॅरव्हॅन जोडून उत्तरेच्या उबेत निघून गेली होती, ती वसंतात परतणार. कुंड्यांना पाणी घालायचं, टपालपेटी रिकामी करायची आणि संध्याकाळी पुढच्या खोलीतला दिवा लावायचा, एवढं काम तिच्याकडे होतं. दिवा चोरांसाठी, घरात माणूस आहे असं त्यांना वाटावं म्हणून. रोज तो दिवा लावून नेदा अंगणातून मागच्या खोलीत जायची आणि तिला वाटायचं, रस्त्यावरून जाणाऱ्याला त्या रिकाम्या खोलीत माणूस दिसतो आणि जिथे खरंच माणूस आहे तिथे कुणाचं लक्षही जात नाही. आज तिने ओला कोट खुंटीला अडकवला, टोस्टरमध्ये पाव घातला आणि मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "पाव संपत आलाय." शब्द भिंतींना लागून परत आले. पुन्हा बोलायची तिची हिंमत झाली नाही. आईला असलं काही जमलंच नसतं. आई एकटी असली तरी बोलायची, भांड्यांशी, माश्यांशी, रेडिओतल्या माणसाशी. आतल्या वाळवंटी मुलखातल्या कॅलगूर्ली या खाणगावात, इस्पितळाच्या धुलाईखान्यात दिवसभर यंत्रांच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय तिला झाली होती, ती घरीही सुटायची नाही. स्वयंपाकघरातून ती जाळीच्या दारापलीकडे पडवीत बसलेल्या ताताशी, म्हणजे नेदाच्या वडिलांशी बोलायची, आणि ताता खाणीतून वर आल्यावर तास दोन तास फक्त हुंकार द्यायचा. "ऐकतोयस का रे, की खालीच राहिलास?" आई ओरडायची. "वर आलोय. कान यायचेत," ताता म्हणायचा.

त्या पडवीतल्या उन्हाळ्याच्या संध्याकाळी आठवल्या की नेदाला आधी पायांच्या तळव्यांची आठवण यायची. तापलेल्या फळ्यांवरून टाचा उचलत चालायचं, कडेला मिरीसारखे दाणे धरणाऱ्या मिरझाडाखाली बादलीत पाय बुडवायचे. पत्र्याचं छप्पर तडतडत असायचं. सूर्य बुडाला तरी लाल मातीतून उष्मा वर येत राहायचा. सगळी गल्ली आपापल्या पडव्यांत येऊन बसलेली, कुणी ओला टॉवेल खांद्यावर टाकलेला, कुणी बियरचा थंड डबा मानेला लावलेला, आणि सगळे एकाची वाट बघत. दक्षिणेच्या समुद्रावरून खारा वारा निघायचा, दिवसभर गवत नाही की गाव नाही अशा मुलखावरून धावत यायचा आणि दिवेलागण उलटल्यावर कधीतरी कॅलगूर्लीत पोचायचा. लोक त्याला डॉक्टर म्हणत. आधी गल्लीच्या टोकाचं एखादं दार आपटायचं, मग धुळीचा एक लोट, मग मिरझाड एकदम अंग झटकून उठायचं आणि मानेवरच्या घामाला गार बोट लागायचं. "आला बघ," आई म्हणायची आणि नाक वर करून हुंगायची. तिला त्यात मिठाचा वास यायचा. "एवढ्या लांबून मीठ कसलं येतंय?" ताता म्हणायचा, "ते तुझ्या डब्यातल्या सार्डिन माशांचं." मग गाद्या पडवीत यायच्या. नेदा मध्ये, आईचा हात तिच्या पोटावर, आणि अंगावरून सबंध वाहता वारा. दोन वर्षांपूर्वी आई त्याच घरात गेली, आजारपण काढून, एका उन्हाळी संध्याकाळी. नेदा तेव्हा पर्थमध्ये होती. ती दुसऱ्या सकाळच्या गाडीने पोचली तेव्हा घर बायकांनी भरलं होतं आणि ताता मागच्या अंगणात एकटाच पाइपने जमीन धूत होता.

तीन वर्षांची पदवी झाल्यावर वर्गातली बाकी मुलं पांगली. बहुतेक खाणकंपन्यांत गेली, दोघं सिडनीला. नेदाने हवामानशास्त्रात ऑनर्सचं चौथं वर्ष घेतलं. या वर्षाला तास नसतात, हजेरी नसते. एक प्रश्न, एक मार्गदर्शक, एक टेबल, आणि वसंत संपता संपता हाती द्यायचा एक प्रबंध. प्रश्न तिने स्वतःच आणला होता. खारा वारा आता पूर्वीच्याच वेळी आत पोचतो का? मार्गदर्शक फिलिपा ऑर्मंड चष्मा डोक्यावर चढवून तिच्याकडे बघत राहिल्या होत्या. किनाऱ्यावरच्या वाऱ्यावर पुष्कळांनी लिहिलंय, त्या म्हणाल्या, पण तो आत कुठवर आणि कधी जातो, हे विचारायला कुणी फारसं जात नाही. "तुला कुठून सुचलं?" नेदा म्हणाली, "मी तिथली आहे." याहून जास्त तिला सांगता आलं नाही. समुद्र आणि कॅलगूर्ली यांच्या मध्ये कुनार्डी नावाची एक जुनी रेल्वेवस्ती आहे, तिथल्या वारा मोजणाऱ्या खांबाच्या नोंदी तिला मिळाल्या. वाऱ्याचा वेग अचानक वाढला आणि दिशा दक्षिणेला वळली की डॉक्टर आला असं धरायचं, असा तिने नियम ठरवला. हवेतल्या ओलाव्यावरूनही ते कळलं असतं, पण त्या नोंदींत मधे मधे भोकं होती, म्हणून त्या तिने बाजूला ठेवल्या. मे महिन्यात एका दुपारी सगळ्या उन्हाळ्यांचा आलेख पडद्यावर उमटला आणि ती खुर्चीत ताठ झाली. रेघ चढत होती. दर दशकाला डॉक्टर उशिरा, आणखी उशिरा येत होता. फिलिपांनी तो आलेख बघितला, खुर्ची जवळ ओढून परत बघितला. "नेदा," त्या म्हणाल्या, "हे जर टिकलं ना, तर हा नुसता ऑनर्सचा प्रबंध नाही राहत. याचा शोधनिबंध होईल. आणि पीएचडीच्या जागेसाठी वेगळं काही सांगावं लागणार नाही." त्या दिवशी घरी जाताना तिला कुणालातरी सांगावंसं वाटलं. हमीश निघून गेला होता, त्याची मैत्रीण खाली गाडीत हॉर्न वाजवत होती. म्हणून तिने ताताला सांगितलं.

ताताचा फोन बुधवारी यायचा, क्रोएशियातून आलेल्यांच्या क्लबात गोळेफेकीचा बोच्चा खेळून घरी आला की. दोघांनाही फोनवर बोलता यायचं नाही. आई असताना फोन तिच्याच हातात असायचा आणि ताता मागून "विचार, जेवते का नीट" एवढंच म्हणायचा. आता ते तो स्वतः विचारायचा, नेदा "हो" म्हणायची, मग दोघं एकमेकांचा श्वास ऐकायची. पण त्या बुधवारी ती भडाभडा बोलली. ताता ऐकत होता. मग एकदम म्हणाला, "मी म्हणतच होतो!"

"काय म्हणत होतास?"

"हेच. आता येत नाही तो. आला तरी कधीतरी उशिरा, मेल्यासारखा. तुझी आई गेल्यापासून मी सांगतोय क्लबातल्या यांना. हा श्टिपे हसतो मला. म्हणतो, योसो, वाऱ्याला घड्याळ घेऊन दे." त्याच्या आवाजात एक जोर आला होता, कित्येक महिन्यांत न आलेला. "आता सांगतो त्याला. माझ्या पोरीनं शास्त्रानं सिद्ध केलंय म्हणावं."

"सिद्ध वगैरे अजून नाही, ताता."

"मला कळतं काय ते. तू कर."

आणि पुढच्या बुधवारी त्याने खरंच सांगितलं होतं. सगळा क्लब गप्प झाला म्हणे, श्टिपेने स्वतःच्या हाताने त्याला वाइन ओतून दिली. त्यानंतर फोनची सुरुवातच तो करायचा, "काय डॉक्टरीणबाई, डॉक्टर कुठवर आले?" नेदा हसायची. आठवड्यात जर कधी तिला कुणी हाक मारत असेल तर ती ही एकच होती. तिला या कामात आता वेगळीच गोडी लागली होती. आई गेल्यापासून ताताला जे वाटतं, जे त्याला धड सांगताही येत नाही, ते ती रेघेत आणि आकड्यांत उभं करत होती. तो खोटं बोलत नाही, त्याला भास होत नाहीत. खरंच काहीतरी येईनासं झालंय. फिलिपा परदेशी परिषदेला गेल्या, हमीश कोरलचे तुकडे मोजायला किनाऱ्यावर जाऊन राहिला, आणि त्या खोलीत नेदा आणि दोन रिकाम्या खुर्च्या उरल्या. संध्याकाळ लवकर पडायची. खिडकीबाहेर नदी शिशासारखी व्हायची, विद्यापीठातले मोर चुनखडीच्या कमानींखाली पाऊस चुकवत उभे राहायचे आणि मधूनच माणसासारखे किंचाळायचे. ती दचकायची, मग बरं वाटायचं. बसमधला तो दिवस झाल्यापासून ती रोज मुद्दाम कुणाशीतरी बोलायचं ठरवायची. कॉफीच्या खिडकीतल्या मुलीला ती म्हणायची, "आज गारठा आहे, नाही?" मुलगी म्हणायची, "खूपच," आणि तिच्यामागच्या माणसाकडे बघायची. तेवढ्यानेही दिवस जायचा. पण हळूहळू तिला कळत गेलं की माणसं कमी म्हणून तिला एकटं वाटत नाहीये. जे तिला आठवतं ते कुणालाच माहीत नाही, म्हणून वाटतंय. पडवी, बादली, मानेवरचं गार बोट हे सगळं या शहरात फक्त तिच्या डोक्यात होतं. आणि सहाशे किलोमीटर आत, एका म्हाताऱ्याच्या.

सप्टेंबरच्या सुट्टीत ती घरी गेली. प्रबंधात कुनार्डीच्या खांबाचा एक फोटो घालायचा होता. खरं तर तो कुणी मागितला नव्हता. ताता स्टेशनवर इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि त्याच्या गालावर दाढी करताना कापलं त्यावरचा कापूस तसाच चिकटला होता. घरात शिरताच तिला चमत्कारिक वाटलं. पडवीतल्या खुर्च्या नव्हत्या, लोखंडी पलंगही नव्हता. बाहेरच्या सगळ्या खिडक्यांना आतून जाड पडदे. "धूळ फार येते," ताता म्हणाला आणि ब्लित्वा, आईची ती पाला-बटाट्याची भाजी, वाढायला लागला. बटाटे कच्चे राहिले होते, दोघांनीही तसं म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी तो तिला घेऊन निघाला. त्याने डबा घेतला होता, पाण्याचे कॅन घेतले होते, टोपी नवी होती. गाडीत तो एवढा बोलला की नेदा त्याच्याकडे बघतच राहिली. रस्त्यातल्या पंपावर त्याने ओळख ना पाळख अशा माणसाला सांगितलं, "ही माझी मुलगी. विद्यापीठात आहे. वाऱ्यावर काम करते." तो माणूस म्हणाला, "चांगलं आहे. वारा कुठे संपत नाही." ताता खूप हसला.

कुनार्डीत आता चार घरं होती आणि त्यातली दोन रिकामी. खांब एका कुंपणाआड उभा होता, वर वारा मोजणाऱ्या वाट्यांचं यंत्र. नेदाने कॅमेरा काढला. चांगला फोटो यावा म्हणून ती मागे मागे सरत गेली, आणि मागे सरताना तिची पाठ पानांना लागली. ती वळली. खांबाच्या दक्षिणेला, शेजारच्या घराच्या हद्दीवर, टॅमरिस्क झाडांची एक दाट रांग होती. खूप उंच, खूप जुनी नव्हे. कुणीतरी धूळ अडवायला लावलेली, वर्षावर्षाने वाढत गेलेली. त्या दिवशी दक्षिणेचा वारा होता. झाडांचे शेंडे वर नुसते लाटांसारखे हलत होते. आणि इथे खाली, रांगेच्या आड, तिचा एक केसही उडत नव्हता. ती झाडांपलीकडे गेली, वारा तोंडावर आदळला. परत अलीकडे आली, थांबला. पुन्हा पलीकडे. वारा उशिरा येत नव्हता. वारा नेहमीच्याच वेळी येत होता आणि झाडांशी थबकत होता. जेव्हा तो फार जोरात व्हायचा तेव्हाच काय ते अलीकडच्या वाट्यांना कळायचं. झाडं जशी वाढली, तशी तिची रेघ चढली. गाडीला टेकून ताता सफरचंद कापत होता. "मिळाला का फोटो?" त्याने हाक दिली. "मलाही घे की त्यात. श्टिपेला दाखवीन." तो येऊन खांबाशेजारी उभा राहिला, टोपी काढली, केस नीट केले, छाती पुढे काढली. नेदाने फोटो काढला. मग आणखी एक काढला. परतीच्या वाटेवर ती खिडकीबाहेर बघत राहिली. तोच म्हणाला, "दमलीस." ती म्हणाली, "हो."

मोह झाला नाही असं नाही. पर्थला परतल्यावर तिने दोन दिवस त्या झाडांना मनातल्या मनात आखूड केलं, पातळ केलं, लांब नेलं. खांबाला कोण बघायला जातंय? परीक्षक मेलबर्नचा असणार. रेघ सुंदर होती. तिच्या मागे फिलिपांचा शोधनिबंध होता, पीएचडीची जागा होती, आणि क्लबातल्या टेबलाशी छाती पुढे काढून बसलेला ताता होता. कुणाचं काय बिघडणार होतं? पण जेव्हा जेव्हा ती पडद्यावर ती रेघ उघडायची तेव्हा आता तिला वारा दिसायचा नाही, झाडं वाढताना दिसायची. मग तिने ओलाव्याच्या नोंदी काढल्या, भोकांसकट. पानं वाऱ्याचा जोर अडवतात, ओल अडवत नाहीत. ती ओल दर उन्हाळ्यात त्याच सुमारास कुनार्डीत पोचत होती. रेघ आडवी. नेदा ते घेऊन फिलिपांकडे गेली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. फिलिपांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"जागा बघून ये असं मी तुला मार्चमध्येच सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "ते माझं काम होतं." मग म्हणाल्या, "निबंध गेला. कळतंय ना तुला?"

"कळतंय."

"काही बदललं नाही, हे लिहायला जास्त धीर लागतो. आणि वाचायला कुणी येत नाही." त्या किंचित हसल्या. "वेळ थोडा आहे. लाग कामाला. आणि नेदा, जेवत जा गं. किती वाळलीयेस."

शेवटचं ते वाक्य ऐकून नेदाला रडू येईल असं वाटलं, म्हणून ती घाईने उठली. मग जे आठवडे गेले त्यांत तिला ना दिवस कळले ना वार. थ्रेलफॉल मंडळी परत आली, त्यांनी तिला वाळलेले आंबे दिले, पुढच्या खोलीत आता खरी माणसं बसू लागली. बुधवारी फोन यायचा. "काय डॉक्टरीणबाई?" ती म्हणायची, लिहितेय. सांगायला तोंड उघडायची आणि तो श्टिपेचं काहीतरी सुरू करायचा. सांगायचं राहायचं. विभागातल्या व्याख्यानाला थोडी माणसं आली, काही फक्त सँडविचसाठी. ती बोलली. शेवटी मागच्या रांगेतून एकाने विचारलं, "म्हणजे थोडक्यात, काहीच बदललेलं नाही?" नेदा म्हणाली, "वारा बदललेला नाही." कुणीतरी हसलं. खाली उतरल्यावर हमीश पहिल्यांदाच आपणहून तिच्याकडे आला. "झाडांचं ते भारी होतं," तो म्हणाला. "माझ्या कोरलात असं काही निघालं असतं ना, तर मी गप्प बसलो असतो, देवाशप्पथ." त्याने तिच्या खांद्यावर हलकेच गुद्दा मारला आणि मैत्रिणीकडे निघून गेला. श्रेणी मिळाली ती चांगली होती, पहिली नव्हती. जकरांडाची निळी फुलं रस्त्यावर चिखल होऊन पडली होती. तिने खोली आवरली आणि ती घरी निघाली.

कॅलगूर्लीत उतरली तेव्हा हवा भट्टीतून काढल्यासारखी होती. ताताने घर घट्ट बंद ठेवलं होतं आणि एसी घरघरत होता. टीव्हीवर क्रिकेट चालू होतं. जेवण झाल्यावर, बाहेर उजेड कलत असताना, तिने सांगितलं. झाडांचं सांगितलं, ओलाव्याचं सांगितलं, रेघ कशी आडवी झाली ते सांगितलं. ताता पडद्याकडे बघत होता. एक षटक संपलं. दुसरं सुरू झालं.

"म्हणजे तो येतो," तो म्हणाला.

"हो. रोज. पूर्वीसारखाच. मला आधीच सांगायला हवं होतं तुला. तू क्लबात सगळ्यांना..."

"त्यांचं सोड. ते चार दिवस हसतील." त्याने हाताने काहीतरी झटकलं. "मला माहीत होतं, नेदा."

"काय?"

"येतो म्हणून. येतो म्हणून तर दार लावून घेतो मी." तो अजूनही तिच्याकडे बघत नव्हता. "त्या दिवशी तिला पडवीत निजवलं होतं. तिलाच बाहेर यायचं होतं. आला तेव्हा म्हणाली, आला बघ. नाकसुद्धा वर केलं, तुला माहितेय कसं करायची ते. मी म्हटलं, थांब, पाणी आणतो. आत गेलो. नळ सोडला. थंड यावं म्हणून जरा वाहू दिला. बाहेर आलो तर तो होता, ती नव्हती." त्याने रिमोट उचलून परत ठेवला. "मग क्लबात कुणी म्हणायचं, योसो, सुटला बरं का, चल बाहेर बसू. मी म्हणायचो, छे, आता कुठे येतो, आता उशिरा येतो. म्हणता म्हणता मलाच खरं वाटायला लागलं. मग तू फोनवर म्हणालीस, खरंच आहे. मला इतकं बरं वाटलं गं. म्हटलं, तो बदलला. मी नाही."

नेदाला त्याचा हात धरावासा वाटला. पण या घरात हात धरायचं काम आईचं होतं, बाकी दोघांना त्याची सवय नव्हती. ती बसून राहिली. वर्षभर ती ज्या आकड्याशी भांडली, तो आकडा या खोलीत पडदे लावून बसला होता, आणि तिला तो विचारायचं सुचलं नव्हतं. बुधवारी फोनवर दोघांनी एकमेकांचा श्वास ऐकला होता तेव्हाही नाही. तिला एकदम वाटलं, आपण दोघं एकाच माणसाच्या वाटेकडे डोळे लावून दोन वेगळ्या घरांत बसलो होतो. बाहेर अंधारून आलं होतं. एसीच्या घरघरीतही तिला गल्लीच्या टोकाला एक दार आपटलेलं ऐकू आलं. मग पत्र्यावर वाळूसारखं काहीतरी सरकलं. ताताचा जबडा आवळला गेला, म्हणजे त्यानेही ऐकलं होतं. मग त्यांच्याच पडवीचं जाळीचं दार थडथडायला लागलं, थांबलं, पुन्हा थडथडलं.

"ते दार वाजतंय," ताता म्हणाला. "कडी लाव जा."

ती उठली, अरुंद बोळातून बाहेरच्या दाराशी गेली. आतलं लाकडी दार तिने उघडलं. जाळीतून वारा थेट आत आला, तिच्या मानेवर, बाह्यांत, बोळातल्या आईच्या जुन्या कोटांत. समोर रिकामी पडवी, पलीकडे मिरझाडाची वेडीवाकडी हालचाल. कडी तिच्या हाताला लागली. ती सरकवून पाहिली, अलगद बसली. तिने ती परत काढली.

"ताता," तिने हाक मारली, "कडी लागत नाहीये. जरा येतोस का?"

आत क्रिकेटचा आवाज चालूच होता. मग खुर्ची करकरली.